कऱ्हेतला ऱ

पीएच.डी.चा प्रबंध संपला असं मी घरात तीनदा जाहीर केलं. पहिल्यांदा शेवटचं प्रकरण टाइप झालं तेव्हा, दुसऱ्यांदा गाइड सरांनी सगळी प्रकरणं तपासून परत दिली तेव्हा आणि तिसऱ्यांदा प्री-सबमिशनचं प्रेझेंटेशन पार पडलं तेव्हा. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि लेक म्हणाली, "आई, या वेळी खरंच संपलाय ना?" मी म्हटलं, हो गं, आता फक्त फायनल कॉपी काढून द्यायची. त्या 'फक्त'मध्ये माझे पुढचे अडीच महिने गेले.

विषय सांगते, नाहीतर पुढचं रामायण कळणार नाही. 'कऱ्हा खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या पाऊसपाण्याच्या म्हणी : संकलन आणि अभ्यास'. कऱ्हा म्हणजे आमची नदी. पुरंदरच्या डोंगरात उगम, मग सासवड, पुढे नाझरे धरण, जेजुरीच्या अंगाने बारामतीकडे आणि शेवटी नीरेला जाऊन मिळते. अत्रे साहेबांनी आत्मचरित्राच्या नावातच घेतली म्हणून मराठी वाचणाऱ्यांना ती माहीत आहे, पाणी म्हणाल तर वर्षातले बरेच महिने नावापुरतंच. पाऊस मोजून पडणाऱ्या गावांमधली माणसं पावसाबद्दल इतकं बोलतात की माझ्याकडे चारशेच्या वर म्हणी जमल्या. आता शीर्षक परत वाचा. कऱ्हा, खोऱ्यातील, शेतकऱ्यांच्या. एका ओळीत तीन वेळा तो कमरेत वाकलेला ऱ. विषय मंजूर झाला तेव्हा मला याचं काहीच वाटलं नव्हतं, माझ्या डोक्यात म्हणी होत्या, अक्षरं कोण मोजतंय.

रजिस्ट्रेशन २०१७ चं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१६ च्या नियमांप्रमाणे सहा वर्षं आणि बाईमाणूस म्हणून वर दोन. ती दोनही वर्षं मी पुरेपूर वापरली. मधे कोविड, मधे सासऱ्यांचं आजारपण आणि तासिका तत्त्वावरची नोकरी तर कायमचीच. मुदत होती जुलैअखेरची. पहिली चार प्रकरणं मी सुरुवातीच्या वर्षांत हाताने लिहून डीटीपीवाल्याकडे टाइपला दिली होती, तो 'योगेश' फाँटमध्ये काम करायचा. पुढची प्रकरणं मी स्वतः लॅपटॉपवर युनिकोडमध्ये टाइप केली, म्हणजे कुठल्याही मशीनला अक्षर ओळखू येतं त्या पद्धतीत. म्हणजे अर्धा प्रबंध एका दुनियेतला आणि अर्धा दुसरीतला. प्रिंट काढली की दोन्ही मराठीच दिसायचं त्यामुळे आठ वर्षं कुणाला पत्ता लागला नाही, मलाही नाही.

पत्ता लागला लायब्ररीत. साहित्यचोरी तपासायला फाइल दिली. पहिल्या चार प्रकरणांचा रिपोर्ट आला शून्य टक्के. मी इतकी खूश झाले की नवऱ्याला तिथूनच फोन लावला. लायब्ररीतल्या मॅडमनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "आनंद नका मानू. मशीनला तुमचं मराठी दिसलंच नाही." तर भानगड अशी की त्या जुन्या फाँटांमध्ये आपल्याला पडद्यावर 'म' दिसतो पण आत बसलेलं असतं कुठलं तरी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, फाँट त्याला फक्त 'म'चा सदरा घालतो. सॉफ्टवेअर सदरा बघत नाही, आतला माणूस बघतं. त्याला माझी चार प्रकरणं म्हणजे कुणीतरी कीबोर्डवर मांजर सोडल्यासारखी दिसली असणार. त्या म्हणाल्या, "सगळं युनिकोडमध्ये करून आणा. नाहीतर शोधगंगेवर, प्रबंधांच्या त्या ऑनलाइन भांडारात, चढवल्यावर शोधून कुणाला एक शब्द सापडायचा नाही."

कन्व्हर्टर नावाची चीज फुकट मिळते. टाकलं, बटन दाबलं, चार प्रकरणं दोन मिनिटांत युनिकोड. वेलांट्या कुठे कुठे शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या होत्या, 'ॲ' गायब होता, ते सगळं अपेक्षित होतं. पण मग शीर्षकाच्या पानावर नजर गेली. 'कर्हा खोर्यातील शेतकर्यांच्या.' एकदा मोठ्याने वाचून बघा. आमची नदी, आमचं खोरं आणि आमचे शेतकरी, तिघांच्याही डोक्यावर रफार ठेवून दिला होता, आणि वाचताना जीभ अशी अडखळते की कुणीतरी गचांडी दिल्यासारखं वाटतं.

हिंदीला हा ऱ लागत नाही, संस्कृतला लागत नाही, लागतो तो आपल्याला. आणि तो शोभेचा नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना म्हणजे गुरुजींना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला. र तोच, य तोच, फक्त जोर कुठे द्यायचा तेवढाच फरक, आणि तो फरक दाखवायला कुण्या शहाण्या माणसाने हा वाकडा ऱ ठेवला. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या कॉलेजात पेढे वाटले, मीही खाल्ले दोन, पण निम्म्या लोकांच्या मोबाइलवर 'दुसर्या' असंच उमटतं आणि तेही आता कुणाच्या डोळ्यांना खुपत नाही.

गंमत म्हणजे याचा पहिला बळी गेला आभाराच्या पानावर. माझ्या संकलनातला सगळ्यात मोठा वाटा एका म्हाताऱ्या बाबांचा आहे, कोडीतच्या बाजूचे, उभी हयात लग्नाच्या नि जत्रेच्या जेवणावळी रांधण्यात गेली. गाव त्यांना आचारीच म्हणतं. मी आभारात लिहिलं होतं, 'ज्यांच्या चुलीपाशी बसून हा प्रबंध शिजला त्या आचाऱ्यांना माझा दंडवत.' कन्व्हर्टरने केलं 'त्या आचार्यांना'. सरांनी वाचलं, जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अगं, माझ्या घरी तू चुलीपाशी कधी बसलीस?" मला आधी कळेना, कळल्यावर हसू आवरेना. सरही हसले पण थोडे हिरमुसलेही असावेत असा मला संशय आहे, कारण नंतर त्यांनी त्यांच्या नावाच्या परिच्छेदात दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या.

म्हटलं, फाइंड-रिप्लेस करू, 'र्य' काढून 'ऱ्य' घालू, पाच मिनिटांचं काम. केलं. सूर्याचा सूऱ्य झाला, कार्याचं काऱ्य, मर्यादा, पर्याय, पर्यावरण, आश्चर्य सगळे कमरेत वाकले. अनडू केलं. तेव्हा कळलं की हे मशीनचं काम नाहीच, कुठला र कुठल्या जातीचा हे ज्याला मराठी बोलता येतं त्यानेच एकेक बघून ठरवायचं. 'र्ह'च्या बाबतीत मात्र मी चलाखी केली. कऱ्हा, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा, वऱ्हाड, सगळीकडे वाकडाच लागतो, सरळ रफारवाला 'र्ह' कुठे सापडतोय आपल्याकडे, म्हणून तिथे बिनधास्त रिप्लेस-ऑल मारलं. तीन आठवड्यांनी संशोधन केंद्रातले क्लार्क काका प्रतिज्ञापत्रावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, तुमची शैक्षणिक अऱ्हता काय म्हणालात?"

राहिलेले 'र्य' मी हाताने बदलले. एकवीसशेच्या वर होते, चार प्रकरणांत. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे म्हणजे ऱ, मग हलन्त, मग य. थांब, बघ, हा सूर्यातला का दऱ्यातला, पुढे चल. त्याच सुमारास माउलींची पालखी आली. सासवडला दोन रात्री मुक्काम असतो, आमच्याकडे दरवर्षी पंधरा-वीस वारकरी उतरतात, ओसरीपासून माळ्यापर्यंत माणसं, पिठल्याच्या पातेल्यांना उसंत नाही, आणि मी माजघराच्या कोपऱ्यात पोळपाट उपडा घालून त्यावर लॅपटॉप ठेवून शिफ्ट-जे, शिफ्ट-जे. एक माळकरी आजोबा बराच वेळ बघत होते. त्यांनी विचारलं, "पोरी, निवडतीस काय गं एवढं?" मी म्हटलं, खडे. ते म्हणाले, "मग सावकाश निवड."

आता तो साहित्यचोरीचा रिपोर्ट. सगळं युनिकोड झाल्यावर परत दिला आणि आला एकतीस टक्के. माझ्या पोटात गोळा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंत माफ आहे, दहा ते चाळीसमध्ये सापडलात तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्या. माझ्याकडे सहा आठवडे नव्हते. रंगीत रिपोर्ट उघडला तर लाल-पिवळं-हिरवं झालं होतं ते काय? म्हणी! 'पडतील स्वाती तर पिकतील मोती', अमुक संकेतस्थळावरून उचललेलं. 'पेरावे तसे उगवते', तमुक प्रबंधातून उचललेलं. म्हणींचा प्रबंध आहे, त्यात म्हणी नाही येणार तर काय येणार? मी लायब्ररीत जवळजवळ भांडले. म्हटलं, मॅडम, या म्हणी कुणाच्या मालकीच्या नाहीत, सगळ्या गावाच्या आहेत, चोरायच्या तरी कुणाकडून? मॅडम शांत बाई. त्यांनी नियम काढून दाखवला, त्यात सर्वसामान्य ज्ञान आणि योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे वगळायची सोय आहे, अवतरणं आणि संदर्भसूचीही वगळता येते. चौदा शब्दांची म्हण माझ्याकडे एकही नव्हती. शेतकऱ्याला एवढा वेळ कुठला? त्यांनी सेटिंग बदललं, पुन्हा चालवलं, सात टक्के. 'कुणाच्याच मालकीच्या नाहीत' हे माझं वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. घरी येऊन मी ते प्रस्तावनेतसुद्धा घातलं.

शेवटचं प्रूफ सासूबाईंनी ऐकलं. मी मोठ्याने वाचायचे, त्या शेंगा फोडत बसायच्या. पाचव्या प्रकरणात मी एका म्हणीची दोन रूपं घेतली आहेत. 'पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा' आणि 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा', म्हणजे त्या नक्षत्रात पाऊस झाला तर इतकं पिकेल की कुत्रंदेखील भाताला तोंड लावणार नाही. उत्तरा लागतं सप्टेंबरच्या मध्याला, चित्रा ऑक्टोबरात, जवळजवळ चार आठवड्यांचा फरक, पेरणी-काढणीच्या हिशोबात चार आठवडे म्हणजे फार झाले. मी लिहिलं होतं की खोऱ्याच्या वरच्या अंगाला 'उत्तरा' म्हणतात आणि खाली 'चित्रा', नकाशासुद्धा काढला होता, हिरवे ठिपके, तांबडे ठिपके. सासूबाईंनी शेंग फोडता फोडता विचारलं, "आमच्यात तर दोन्ही म्हणायचे. तुला वर उत्तरा कोण म्हणालं?" मी म्हटलं, आचारी बाबा, आणि अजून दोघं. त्या 'बरं' म्हणाल्या. त्यांचं 'बरं' मला कळायला हवं होतं इतक्या वर्षांनी, पण मुदतीला अकरा दिवस होते.

छपाई-बाइंडिंगचं एस्टिमेट ऐकून मी सरांकडे कुरकुर केली. पाच प्रती, तीनशे शहाऐंशी पानं, एका बाजूने प्रिंट, बॉन्ड पेपर, डावीकडे दीड इंच समास, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. तासिकेवाल्या बाईचा महिना यातच जातो. सर म्हणाले, बाबासाहेबांची गोष्ट ठाऊक आहे ना? कोलंबियाने त्यांचा प्रबंध १९१७ मध्ये स्वीकारला पण नियम असा की तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्यायच्या, मगच पदवी हातात. तो लंडनमध्ये पुस्तक होऊन निघाला १९२५ साली आणि पीएच.डी. रीतसर मिळाली १९२७ मध्ये. मधल्या काळात लंडनला रुपयावरचा दुसरा प्रबंध झाला, तो परीक्षकांनी दुरुस्तीला परत दिला, १९२३ मध्ये तो पुन्हा देऊन त्यावर डी.एस्सी.ही मिळाली, पण आधीची पदवी छापील प्रतींवाचून अडकलेलीच. मी गप्प झाले. अशा गोष्टी सांगून सर नेहमी जिंकतात, आणि त्यात माझं बिल काही कमी होत नाही.

बाइंडिंग पुण्यात, अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या एका बोळात. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. आधी ज्या दोन झकपक दुकानांत गेले तिथे कॉम्प्युटरवर ब्लॉक करून देतो म्हणाले आणि नमुना दिला तो परत 'कर्हा'. मी चूक दाखवली तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, कळतंय ना लोकांना." जिन्याखालच्या काकांना मी कागदावर ठसठशीत लिहून दाखवलं, असं हवं, असा वाकडा. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग काही न बोलता मागचा लाकडी खोका ओढला. आत खण आणि खणात धातूचे खिळे, अक्षर उलटं कोरलेलं. चिमट्याने दोन खिळे इकडचे तिकडे केले, तिसरा उचलला, अंगठ्याने पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बोटाच्या पेराएवढा. त्याच्या टोकाला तो होता, नुसता तो, पुढे य नाही ह नाही, एकटा अर्धा ऱ, आरशातल्यासारखा उलटा वाकलेला. म्हणाले, "हा घ्या. ट्रेडल छपाईयंत्रावर होतो तेव्हापासूनचा आहे. याच्याशिवाय लग्नपत्रिका कशी छापायची? वऱ्हाड कसं जुळवणार?"

मग त्यांनी ओळ जुळवली, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक खिळा बसवताना ओठ हलत होते. पट्टी शेगडीवर तापवली, रेक्झिनवर सोनेरी फॉइल अंथरलं आणि दांडा ओढून दाबलं. फॉइल उचललं तसा थोडा चुर्र आवाज आला आणि खाली चकाकत 'कऱ्हा'. तीनदा तेच, तिन्ही ऱ जागेवर. मी मोबाइल काढून फोटो घेतला तर काका म्हणाले, स्पाइनवर पण लागेल ना, तिथे तुमचं आडनाव लांब आहे, जरा बारीक टाइप घेतो.

सबमिशनचा दिवस सांगण्यासारखा नाही. गाइडचं प्रमाणपत्र, केंद्रप्रमुखांची सही, साहित्यचोरीचा दाखला, नो-ड्यूज, फीची पावती, शोधगंगेसाठी पीडीएफ. त्या पीडीएफना नावं द्यायची शिस्त आहे, ०१ टायटल, ०२ प्रिलिम पेजेस असं करत करत शेवटी एकदम ८० रेकमेंडेशन, मधले आकडे कुठे गेले विचारू नये. टेबलावरच्या बाईंनी पाचही प्रती उघडल्या, सह्या बघितल्या, शिक्का मारला, आवक क्रमांक घातला. आत काय लिहिलंय ते बघायचं त्यांचं कामच नव्हतं. चाळीस मिनिटं लागली, त्यातली पंचवीस स्टेपलर शोधण्यात.

सहावी प्रत मी जास्तीची करून घेतली होती. पुढच्या रविवारी ती घेऊन कोडीतला गेले. बाबा ओट्यावर बसले होते, हल्ली चूल बंद, पोरं काही करू देत नाहीत. त्यांनी धोतराला हात पुसून पुस्तक घेतलं. वरच्या सोन्यावर बोट फिरवलं, "केवढ्याला पडलं?" विचारलं, ऐकून जीभ चावली. मी आभाराचं पान काढून दिलं. एकेक अक्षर लावत त्यांनी वाचलं, "आ-चा-ऱ्यां-ना", आणि हसले, दात नाहीत त्यामुळे हसणं फार गोड दिसतं. मग म्हणाले, माझं काय काय घातलंस ते दाव. मी पाचवं प्रकरण उघडलं, नकाशा दाखवला, म्हटलं बाबा, हा तुमचा ठिपका.

"उत्तरा?" ते म्हणाले. "आमी चित्राच म्हनतो. उत्तरा आमची थोरली वहिनी म्हनायची. ती हितली न्हवं, खालनं आलेली, नीरेच्या अंगाची. तू इचारलंस तवा तिची याद आली म्हून तिच्यासारखं बोललो."

मी विचारलं, वहिनी आहेत का. गेल्या, म्हणाले, कोविडच्या आधीच. नाव काय होतं? त्यांनी जरा आठवलं आणि सांगितलं. परिशिष्टात माहिती देणाऱ्या त्रेसष्ट लोकांची यादी आहे, नाव, गाव, वय. त्यात बायका अकरा. त्या नाहीत. आणि तो हिरवा ठिपका वरच्या अंगाचा नाहीच, तो लग्न होऊन आलेल्या एका बाईचा आहे, आणि एकदा तो काढला की उरलेल्या दोघांबद्दलही विचारावं लागेल, त्यांच्याकडे उत्तरा कोण म्हणायचं, आई का आजी का बायको, आणि ती कुठून आली होती.

चहा झाला. बाबांनी प्रत परत द्यायला काढली, मी म्हटलं तुमचीच आहे, तर त्यांनी नातवाला हाक मारून ती कपाटात ठेवायला सांगितली, कपाट उंच आहे, खाली ठेवली तर उंदीर खातात. मी गाडीपाशी येऊन वहीत नाव लिहून घेतलं. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, बहुतेक दिवाळीनंतर आहे. सरांना अजून सांगितलं नाही. सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "बरं."